ठराव किमान एक हजार ऐंशी

परभाषेतल्या प्रत्येक शब्दाला मराठीत जोड असते आणि ज्याला ती सापडत नाही त्याने ती शोधलेली नसते, हे संपतराव गुरुजींचे मत नव्हते. मते बदलता येतात. हा त्यांचा स्वभाव होता.

धानोरवाडीच्या शाळेत त्यांनी सारी हयात मराठी शिकवली आणि निवृत्त झाल्यावर गावालाच वर्ग समजून तपासणी चालू ठेवली. लग्नपत्रिका छापखान्यात जाण्याआधी त्यांच्या ओसरीवर येत. एका वराची पत्रिका तर त्यांनी इतकी शुद्ध केली की ती छापून हाती आली तेव्हा वधू सासरी नांदायला लागून महिना झाला होता. वराच्या बापाने तक्रार केली. गुरुजींनी त्याला शांतपणे विचारले, "लग्न एकदाच होते, पण चुकीचा इकार किती वर्षे भिंतीवर राहतो, याचा विचार केलास का?" वराच्या बापाने तो केला नव्हता.

अशा माणसाच्या घरात इंग्रजी संदेश यावा आणि त्याने तो दुसऱ्याला वाचू द्यावा, हे शक्यच नव्हते.

संदेश आला होता त्यांच्या सुनेच्या, सत्यशीलाच्या, फोनवर. सत्यशीला गावातल्या महिला बचतगटाची अध्यक्ष. गटात बाया सोळा, आणि सोळाही जणींची हळद. हळद काढून भागत नाही, ती वेळेत शिजवावी लागते, आणि शिजवायचा वाफेचा कुकर साऱ्या शिवारात एकाच माणसाचा. तो कुरुंद्याहून ट्रॅक्टरला जोडून यायचा, आधी मोठ्या शेतकऱ्यांच्या खळ्यांवर फिरायचा आणि बायकांच्या ढिगापाशी पोहोचेपर्यंत ढिगाला बुरशी धरलेली असायची. गेल्या हंगामात सत्यशीलाने बायांना शब्द दिला होता की पुढच्या काढणीला गटाचा स्वतःचा कुकर असेल. काढणी आता तोंडावर आली होती आणि बाया पाणवठ्यावर भेटल्या की कुकरविषयी काही विचारत नसत. हे न विचारणेच तिला फार टोचे.

त्यात नांदेडच्या एका संस्थेने हळद पिकवणाऱ्या महिला गटांसाठी चित्रफितींची स्पर्धा जाहीर केली. गटाच्या कामाची छोटी फीत करून पाठवायची. पहिल्या गटाला बक्षीस म्हणून वाफेचा कुकर. फीत कशी असावी याच्या चार अटी मात्र इंग्रजीत होत्या.

"मामा, पुण्याला फोन करून यांना इचारू का?" सत्यशीलाने विचारले. 'यांना' म्हणजे गुरुजींच्या मुलाला, अंगदला. तो तिकडे नोकरीला होता.

"अंगदने मराठीच्या पेपरात 'उत्प्रेक्षा' शब्द चुकवला होता," गुरुजी म्हणाले आणि फोन आपल्या हाती घेतला.

पहिली अट होती: रिझोल्युशन, किमान १०८०. गुरुजींना विचार करावा लागला नाही. रिझोल्युशन म्हणजे ठराव; हे तालुक्याच्या कचेरीतला शिपाईसुद्धा सांगेल. संस्थेला ग्रामसभेचा ठराव हवा होता, आणि तो किमान एक हजार ऐंशी शब्दांचा हवा होता. इतक्या लांबीचा गद्य मजकूर आजकाल कोणी मागत नाही याचे गुरुजींना वर्षानुवर्षे दुःख होते. नांदेडात अजून वाचणारी माणसे आहेत, हे पाहून त्यांना मनापासून बरे वाटले.

गटातली साधना लग्नांत फोनवर चित्रीकरण करी, आणि फीत तीच काढणार होती. तिने हळूच सांगून पाहिले की रिझोल्युशन तर फोनमधीबी ऱ्हातंय, सेटिंगमधी हाय ते.

"फोनमध्ये ग्रामसभा भरते का?"

"न्हाई, गुरुजी."

"मग फोनमध्ये ठराव कोण करील?"

साधना तिसरीपासून सातवीपर्यंत त्यांच्या हाताखाली शिकली होती. आतून गुरुजींची पत्नी कौशल्याबाई तांदूळ निवडता निवडता म्हणाली, "पोरी, नादी लागू नको. म्या यांच्याशी आजवर एक वाद जिंकला न्हाई. भाकर वाढून राहिले की तेवढं ऐकून घेत्यात, तेबी तोंड भरलेलं असतंय म्हून."

दुसरी अट, अॅस्पेक्ट रेशो, १६:९. ती गुरुजींनी दोन्ही शब्द फोडून सोडवली. अॅस्पेक्ट म्हणजे बाजू, रेशो म्हणजे प्रमाण. समाजाला बाजू दोनच, स्त्री आणि पुरुष. स्पर्धा महिलांची, म्हणून मोठा आकडा महिलांचा. "गटात बाया किती?" त्यांनी विचारले. सोळा, हे सत्यशीलाच्या तोंडून निघाले आणि तिच्याच अंगावर काटा आला. संस्थेला गटातल्या बायांची संख्या ठाऊक होती! सोळा स्त्रिया आणि नऊ पुरुष, असा सभेचा आकार ठरला.

तिसरी अट, फ्रेम रेट, २५. फ्रेम म्हणजे तसबिरीची चौकट, यात वाद नव्हता. रेट म्हणजे दर. इथे साधा वाचक 'भाव' असा अर्थ घेऊन फसला असता, असे गुरुजींनी मुद्दाम नमूद केले. हा 'दर' तो नव्हे. 'दर माणशी' यातला हा दर. दर माणशी एक चौकट, एकूण पंचवीस. मग त्यांनी बोटांवर सोळात नऊ मिळवले आणि सावकाश मान वर केली.

"पंचवीस," ते म्हणाले.

साधनाच्या मनात उरलीसुरली शंका होती तीही त्या बेरजेने मिटवली. ज्या भाषांतराचा हिशोबसुद्धा जुळतो ते चुकलेले असेल तरी कसे?

चौथी अट ओरिएंटेशनची होती: लँडस्केप हवे, पोर्ट्रेट चालणार नाही. लँडस्केप म्हणजे निसर्गदृश्य, ओरिएंटेशन म्हणजे तोंड करण्याची दिशा. सर्वांनी शेताकडे तोंड करून उभे राहायचे. पोर्ट्रेट म्हणजे चेहऱ्याचे चित्र. ते चालणार नाही. म्हणजे एकाही माणसाचे तोंड फितीत दिसता कामा नये. नाव नको, रूप नको, नुसते काम दिसू द्या, अशी संस्थेची वृत्ती दिसते, असे म्हणून गुरुजींनी तिला मनोमन नमस्कार केला.

योग असा की गणपूर्तीअभावी तहकूब झालेली ग्रामसभा त्याच आठवड्यात पुन्हा भरायची होती, आणि तहकूब सभेला गणपूर्तीची अट नसते. एरवी ग्रामसभेला बाया फिरकत नसत आणि पुरुष पानाच्या टपरीवरून सही धाडत. पण आपली फीत निघणार आहे हे कळताच चाळीस-पन्नास पुरुष धुतलेले शर्ट घालून हजर झाले. त्यांतले नऊच ठेवायचे होते.

गुरुजींनी परीक्षा लावली. ज्याला 'पाणी', 'लोणी' आणि 'आणि' हे तीन शब्द 'न' न घुसवता म्हणता येतील, तो आत. पहिल्या झटक्याला तांड्यावरचा नेमसिंग पास झाला, कारण त्याच्या घरच्या बोलीत 'ण' पहिल्यापासूनच खणखणीत आहे. त्याच्यामागोमाग त्याचा चुलता प्रेमदास पास झाला. मग मात्र रांगच्या रांग 'पानी, लोनी, आनि' म्हणत बाद होत गेली. सरपंच शिवहार तर पहिल्याच शब्दाला पडला.

"गुरुजी, गाव माहं, सभा माही, अन् मीच भाईर?"

"सरपंचपद निवडणुकीने मिळते, शिवहार. 'ण' मिळत नाही."

शेवटी नऊ पुरे होईनात म्हणून परीक्षा एका शब्दावर आणली आणि शिवहारला पदाचा मान म्हणून वाढीव गुण देऊन आत घेतले. उरलेले पुरुष कुंपणाबाहेर उभे राहून 'पाणी, पाणी' घोकत राहिले, तेव्हा वाटेने जाणाऱ्या बाईने त्यांना तांब्या आणून दिला.

चौकटी घरोघरच्या भिंतींवरून आल्या. पोर्ट्रेट चालणार नसल्याने आतली चित्रे काढून ठेवायची होती. देव निघाले, लग्नातली जोडपी निघाली, हार घातलेले आजे-पणजे निघाले आणि सारे एका पेटीत गेले. परत लावताना घोटाळा व्हायचा तो झालाच. गावातल्या ग्यानोबाच्या भिंतीवर प्रेमदासचे वडील जाऊन बसले. ग्यानोबाची म्हातारी आई आठ दिवस त्यांना उदबत्ती ओवाळत होती, आणि तुझा बाप मेल्यावर बरा दिसून राहिला रे, असे मुलाला सांगत होती. पण ते नंतरचे.

सभा पंचायतीसमोरच्या मैदानात भरली. पंचवीस माणसे शेताकडे तोंड करून उभी राहिली आणि प्रत्येकाच्या पाठीवर दोरीने एक रिकामी चौकट बांधण्यात आली. गटातली सगळ्यांत वडील रुख्मिणीबाई कुरकुरली, "पाठ दावून कुकर मागाचा व्हय?"

तिच्या शेजारची पेमा तांड्यावरून आलेली. ती शेतावरची नजर न हलवता म्हणाली, "तोंड पाहून आजपरेंत कोण देलं, काकी?"

साधनाने विचारले, फोन आडवा धरू का उभा.

"आडवा आजारी माणूस असतो," गुरुजी म्हणाले. "सभेचे कामकाज उभ्यानेच होते."

साधनाने फोन उभा धरला.

मग गुरुजींनी ठराव वाचायला घेतला. तो नेमका एक हजार ऐंशी शब्दांचा होता आणि ते सगळे शब्द एकाच वाक्यात होते. आरंभी हळदीचे माहात्म्य होते, मग 'ज्या अर्थी' होते, त्या 'ज्या अर्थी'च्या पोटात आणखी सात 'ज्या अर्थी' होते. मधे बुरशी लागलेल्या ढिगाचे असे वर्णन होते की रुख्मिणीबाईने पदर डोळ्यांना लावला. आणि पार टोकाला, 'त्या अर्थी' या दोन शब्दांवर सारा डोलारा टेकवून, महिला व बालकल्याणासाठी राखलेल्या निधीतून या गटास वाफेचा कुकर विनाविलंब घेऊन द्यावा, अशी मागणी होती. निधीचा उल्लेख गुरुजींनी अर्थासाठी केलेला नव्हता. वाक्याचा तोल तिथे एक सामासिक शब्द मागत होता.

वाक्य चालू असताना हरकत घेणे शिष्टाचाराला धरून नसते, आणि वाक्य तर संपेना. शिवहारला मध्येच काही बोलायचे होते; त्याने तीनदा तोंड उघडले आणि तिन्हीदा समोर स्वल्पविराम आला. पूर्णविराम आला तेव्हा पुरुषांना सुरुवात आठवत नव्हती. ग्रामसेवकाने मत मागितले. सोळा हात आधी वर गेले. उरलेले नऊ, पाय दुखत असल्याने, त्यांच्या मागोमाग गेले. ठराव एकमताने मंजूर झाला.

फीत इतकी लांब झाली की गावातल्या रेंजवरून ती सरकेना. साधनाने ती फोनमधल्या एका अॅपने बारीक करकरून दाबली आणि पाठवून दिली. तिसऱ्या दिवशी संस्थेचे उत्तर आले. गुरुजींनी ते मोठ्याने वाचले: लो रिझोल्युशन, शुक्रवारपर्यंत हायर रिझोल्युशनमध्ये पुन्हा पाठवा.

"बरोबर आहे त्यांचे," गुरुजी म्हणाले. "ग्रामसभेचा ठराव खालच्या पातळीवरचा. त्यांना उच्च ठराव हवा आहे."

दुसऱ्या सकाळी ते इस्त्रीचा सदरा घालून जीपने तालुक्याला गेले आणि पंचायत समितीत जाऊन उच्च ठराव मागितला. पहिल्या बाबूने त्यांना दुसऱ्याकडे पाठवले, दुसऱ्याने तिसऱ्याकडे. उच्च ठराव कोणत्या टेबलावर मिळतो हे कोणालाच माहीत नव्हते, पण माहीत नाही असे म्हणणाऱ्याला गुरुजी प्रतिप्रश्न विचारत. तेव्हा सगळ्यांनी मिळून त्यांना थेट गटविकास अधिकारीबाईंच्या खोलीत नेऊन सोडले आणि बाहेरून दार ओढून घेतले.

बाईंनी ठराव वाचायला घेतला. पहिले पान झाले, दुसरे झाले. त्यांनी पाणी मागवले.

"गुरुजी, हे वाक्य संपतं कुठे?"

"मागणी मान्य झाल्यावर," गुरुजी म्हणाले.

बाई हसल्या नाहीत. शेवटापर्यंत गेल्या, 'त्या अर्थी'पाशी थांबल्या आणि त्यांनी एका लिपिकाला बोलावून धानोरवाडीच्या राखीव निधीचे काय झाले ते विचारले. लिपिकाने पाहून सांगितले की गेली काही वर्षे तो तसाच पडून आहे, कारण त्यावर ग्रामसभेने कधी ठरावच केलेला नाही. बाईंनी ठरावावर काहीतरी लिहिले, सही केली आणि तो ग्रामपंचायतीला परत धाडायला सांगितला. एक छायाप्रत गुरुजींच्या हाती दिली. गुरुजींनी ती वाचली. त्यात 'शिफारस' या शब्दातली वेलांटी दीर्घ पडली होती. ती त्यांनी तिथेच उभ्याने ऱ्हस्व करून घेतली आणि घरी येऊन त्या कागदाचा फोटो नांदेडला पाठवायला लावला.

शुक्रवारी उत्तर आले. फीत बाद झाली होती. अॅस्पेक्ट रेशो नऊ-सोळा भरला, असे कारण होते.

"साफ खोटे," गुरुजी म्हणाले. "नऊ बाया आणि सोळा पुरुष? यांना मोजता तरी येते का?"

त्यांनी खडसावून पत्र लिहायला घेतलेच होते. पण या वेळी सत्यशीलाने त्यांना न विचारता पुण्याला फोन लावला आणि तो त्यांच्या कानाशी धरला. अंगदने सगळे ऐकून घेतले. मधे बराच वेळ त्याचा आवाज बंद झाला होता. तो तोंडात रुमाल घालून हसत होता हे पुढे कळले. मग त्याने सांगितले की रिझोल्युशन म्हणजे चित्रात भरलेले ठिपके; १०८० म्हणजे वरून खाली ठिपक्यांच्या तितक्या ओळी, ओळी जास्त तितके चित्र स्वच्छ. सोळास नऊ म्हणजे पडदा सोळा भाग रुंद आणि नऊ भाग उंच. फोन उभा धरला की तोच नऊ रुंद आणि सोळा उंच होतो. फ्रेम रेट पंचवीस म्हणजे एका सेकंदात पंचवीस चित्रे डोळ्यांसमोरून सरकतात, म्हणून माणूस चालताना दिसतो. आणि लँडस्केप म्हणजे, बाबा, फोन आडवा धरा, एवढंच.

साधनाने फीत घरच्या टीव्हीवर लावून दाखवली. दोन्ही बाजूंना काळा पडदा, मधे दाराच्या फटीएवढी पट्टी, आणि त्या पट्टीत दाटीवाटीने हळदीच्या रंगाचे पंचवीस डाग. डागांच्या मागून गुरुजींचा आवाज मात्र स्वच्छ येत होता. ज्या अर्थी, ज्या अर्थी, ज्या अर्थी.

सत्यशीला उठून आत गेली. तिने चूल पेटवली, पण तव्यावर काही टाकले नाही. शेतातली हळद पिवळी पडून वाळली होती. आठवड्याभरात कुदळी लागणार होत्या. त्या संध्याकाळी कौशल्याबाईने वाढले तेव्हा गुरुजींचे तोंड भरलेले नव्हते, तरी ते ऐकत होते.

"आवो, ठिपके म्हन्ले ते अंगद?"

"ठिपके."

"मंग ठराव काहून म्हन्ता?"

"ठिपक्यांना ठराव म्हणणारी भाषा सदोष आहे," गुरुजी म्हणाले. "भाषांतर नव्हे." पण त्यांनी अर्धी भाकर पानातच ठेवली.

दुसऱ्या दिवशी सकाळी ग्रामसेवक सायकल न लावता, ती तशीच दाराला टेकवून ओसरीवर आला. तालुक्याहून शिफारशीसह ठराव परत आला होता. निधी पडून होताच. आता मंजूर ठराव आणि वर शिफारस असल्यावर सरपंचाला तो खर्च करण्यावाचून गत्यंतर नव्हते. शिवहार आदल्या रात्रीपासून ठरावात पळवाट शोधत होता, पण त्याला अजून वाक्याच्या मध्यापलीकडे जाता आले नव्हते.

"म्हणजे?" सत्यशीलाने दारातूनच विचारले.

"म्हंजे कुकर घ्यावा लागतो, ताई. विनाविलंब लिवलंय."

सत्यशीलाने सासऱ्याकडे पाहिले. गुरुजींनी घसा साफ केला, ओसरीच्या खांबाला टेकले आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "ठिपके पाठवून कुकर आला असता का? मी पहिल्यापासून म्हणत होतो. रिझोल्युशन म्हणजे ठराव."



कुकर आला तेव्हा पहिल्या ढिगावरची माती अजून ओली होती. ट्रॉलीतून उतरवून तो गटाच्या खळ्यावर ठेवला. बायांनी त्याला कुंकू लावले. पेमाने त्याच्या पत्र्यात आपले तोंड पाहिले आणि इथं तरी दिसतंय म्हणाली. टाकीच्या झाकणाला दोऱ्याने एक जाड पुस्तिका बांधलेली होती, सगळी इंग्रजीत. वाफेचा दाब किती ठेवायचा, झडप केव्हा उघडायची, काय केल्यास स्फोट होतो, असे त्यात सविस्तर लिहिलेले असावे. गुरुजींनी चष्मा डोळ्यांवर चढवला आणि दोऱ्याची गाठ सोडायला हात पुढे केला.

"मामा, जरा थांबा," सत्यशीला म्हणाली.

तिने तिथेच, खळ्यावर, गटाची सभा घेतली. आणि कोणी नंतर बोट ठेवू नये म्हणून त्या नऊ पुरुषांनाही बोलावून घेतले. ठराव एका ओळीचा होता: कुकरचे माहितीपुस्तक संपतराव गुरुजींच्या हाती देऊ नये, ते अंगदकडून फोनवर समजून घ्यावे. सोळा हात वर गेले. नऊ पुरुषांनी जुन्या मास्तरांची भीड म्हणून विरोधात मत दिले. ठराव सोळा विरुद्ध नऊ मतांनी मंजूर झाला.

गुरुजींनी तो लिहिलेला कागद मागून घेतला. एकदा वाचला, पुन्हा वाचला. मग खिशातून लाल पेन काढून 'माहीतीपुस्तक' मधल्या 'ही'ची दीर्घ वेलांटी ऱ्हस्व केली आणि खाली, वाचून पाहिले, शुद्ध आहे, अशी सही केली.